बिअर न आवडणाऱ्या वहिनींसाठी घरी कोणती बिअर करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ साताऱ्याचे, सध्या नोकरीनिमित्त इंग्लंडात लेस्टरला. तिथे गॅरेजमध्ये घरच्या घरी बिअर करतात. वीस लिटरचं किट आहे, पेल एल आणि आयपीए या प्रकारच्या बिअर चांगल्या जमल्यात. पत्नी सांगलीच्या. त्यांना बिअर आवडत नाही, वाइनचा एखादा ग्लास चालतो. कॉलेजात असताना पुण्यात आणि लग्नानंतर नवऱ्याच्या आग्रहाखातर त्यांनी बिअर चाखली, आणि दर वेळी “कडू आहे, आणि कसला तरी वास येतो” म्हणून ग्लास बाजूला सारला. मित्रमंडळींचा सल्ला एकच : काहीतरी गोड कर, फळांची कर. सोबत थोडी माहिती दिलीय. वहिनींना कोकम सरबत, मठ्ठा, पाणीपुरी प्रिय. चहा आल्याचा लागतो. कारल्याची भाजी आवडीने खातात. पेढे-बर्फीला हात लावत नाहीत. शिवाय जाता जाता आणखी एक प्रश्न आहे : दिवाळीत गावी येणार आहे, तर धाकट्या भावाला साताऱ्यातच एक छोटं किट लावून देऊ का?

मी साताऱ्याचाच. पुण्यात एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत ब्रुअर म्हणून बरीच वर्षं काम करतोय. “मला बिअर आवडत नाही, पण काहीतरी द्या” असं म्हणणारी माणसं काउंटरपलीकडे रोज भेटतात, त्यामुळे या प्रश्नावर बोलायला माझ्याकडे बरंच आहे.

शेवटचा प्रश्न आधी निकालात काढतो. भावाला किट लावून देऊ नका. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि त्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. विकण्यासाठी असो की स्वतःपुरतं, त्याने फरक पडत नाही. त्यासाठी साहित्य आणि भांडी बाळगणंसुद्धा त्यात येतं. तुमच्याकडे इंग्लंडात १९६३ च्या अर्थसंकल्पात घरगुती बिअरवरची परवान्याची अट उठली, तेव्हापासून घरच्यापुरती बिअर करायला कुणाची आडकाठी नाही, फक्त ती विकायची नाही. तेव्हा बिअर लेस्टरला करा. साताऱ्यात मात्र एक काम जरूर करा, आणि त्याला थेंबभर दारू लागत नाही. ते पुढे सांगतो.

आता मुख्य मुद्दा. “बिअर आवडत नाही” हे वाक्य ऐकलं की लोक लगेच स्टाइलची, म्हणजे बिअरच्या प्रकारांची, यादी काढून बसतात. मी यादी काढत नाही. मी विचारतो, नेमकं काय आवडत नाही? बिअरमध्ये नावडण्यासारख्या गोष्टी पाच-सहा आहेत आणि त्या एकमेकींपासून अगदी वेगळ्या आहेत. हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडू चव देणाऱ्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा, माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, वास, गॅसने पोट फुगणं, अल्कोहोलची घशातली जळजळ, आणि खराब झालेल्या बिअरचा वास. यातली कोणती बोचते ते कळल्याशिवाय स्टाइल निवडणं म्हणजे तपासणी न करता औषध देणं.

त्यातही आपल्याकडच्या माणसाचा “बिअर” म्हणजे काय अनुभव असतो ते बघा. आपल्या बाजारात स्ट्राँग बिअर जास्त खपते, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर, आठपर्यंत अल्कोहोल. ती बऱ्याचदा तांदूळ, मका किंवा साखर मिसळून हलकी केलेली असते, त्यामुळे अल्कोहोल झाकायला अंगात काही नसतं. वर ती बाटली उन्हाळ्यात कुठल्या गोदामात किती दिवस पडून होती कुणास ठाऊक. उष्णतेने बिअर लवकर शिळी होते आणि तिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. बाटली हिरवी किंवा पांढऱ्या काचेची असेल आणि तिच्यावर ऊन किंवा ट्यूबलाइटचा उजेड पडला असेल, तर वेगळाच प्रकार होतो. हॉप्समधली कडू द्रव्यं उजेडात फुटतात आणि गंधकाचा एक उग्र वास तयार होतो. त्याची अगदी कणभर मात्रासुद्धा नाकाला कळते. तपकिरी काच हे बऱ्यापैकी अडवते, हिरवी जवळजवळ नाहीच. वहिनींचा “कसला तरी वास” हा यातलाच असण्याची शक्यता मला बरीच वाटते. म्हणजे त्यांना बिअर आवडत नाही हे अजून ठरलेलंच नाही. त्यांना वाईट बिअर आवडली नाही एवढंच ठरलंय.

तुम्ही लग्नानंतर जी पाजलीत ती मात्र तुमची आयपीए असणार, असा माझा अंदाज. आयपीए म्हणजे कडवटपणाचं प्रदर्शन. कडवटपणा मोजायचं माप आयबीयू. गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये तो आठ ते पंधरा, आयपीएमध्ये चाळीस ते सत्तर. ज्याला सवय नाही त्याच्यापुढे पहिल्यांदा आयपीए ठेवू नये, मग ती कितीही उत्तम झालेली असो.

“गोड कर” हा सल्ला का फसतो तेही सांगतो. एक तर वहिनींना गोड आवडतच नाही, हे तुम्हीच लिहिलंय. पेढे नको म्हणणाऱ्या माणसाला फळांचा गोड पाक का द्यायचा? बायकांना गोड-गुलाबी काहीतरी द्यावं, ही बारमधली जुनी समजूत आहे आणि माझा अनुभव तिच्या विरुद्ध आहे. दुसरं कारण तांत्रिक. घरी बिअर गोड करायला साखर किंवा गूळ घातला तर ती गोड होत नाही. यीस्ट साखर खाऊन टाकतं, अल्कोहोल वाढतं आणि बिअर उलट पातळ, कोरडी होते. गुळाचंही तसंच. कराडकडचा कितीही चांगला गूळ घ्या, त्यातली साखर जाते आणि मागे उरते ती काकवीची, थोडी खारट छटा. ती चव छान असते, पण गोड नसते. आणि बाटलीत भरताना गोडी राहावी म्हणून जास्त साखर टाकली तर बाटलीत गॅसचा दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. काचेचे तुकडे लागून माणसं जखमी होतात, हे गमतीचं नाही.

गोडी टिकवायचा एक मार्ग म्हणजे लॅक्टोज, दुधातली साखर. बिअरचं यीस्ट तिला हात लावत नाही. मिल्क स्टाउट ही काळी, कॉफीच्या चवीची बिअर अशीच करतात, वीस लिटरला तीनशे ते पाचशे ग्रॅम. पण दूध न पचणाऱ्या माणसाला ती त्रास देते. दुसरा मार्ग जर्मनांचा आणि मला तो जास्त आवडतो : बिअर कोरडी आणि आंबट ठेवायची, आणि ज्याला गोड हवं त्याने ग्लासात सरबताचा पाक घालून घ्यायचा. बर्लिनर वाइसे ही तिथली आंबट, हलकी बिअर रास्पबेरीच्या लाल पाकासोबत किंवा वुडरफ नावाच्या वनस्पतीच्या हिरव्या पाकासोबत देतात. तुमच्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरी क्रशची बाटली असेल तर तीच वापरा. बाटली फुटायची भीती नाही, आणि प्रत्येकाला आपापल्या मनाप्रमाणे गोडी मिळते.

आता साताऱ्यात करायचं काम. दिवाळीच्या गडबडीतून एखादी दुपार मोकळी काढा आणि वहिनींसोबत स्वयंपाकघरात बसा. सासूबाई, जाऊबाई बसल्या तरी हरकत नाही, यात मद्य नाही. सहा छोटे ग्लास घ्या.

पहिल्यात कोरा चहा, पाच मिनिटं मुरवलेला, बिनसाखरेचा, गार केलेला. यात कडवटपणाही आहे आणि तुरटपणाही. वहिनी कारलं खातात म्हणजे कडूची त्यांना भीती नाही, पण कारलं आपण मीठ चोळून, पाणी पिळून, गूळ-मसाला घालून खातो. बिअरचा कडवटपणा घोट गिळल्यानंतर जिभेच्या मागे रेंगाळतो. कोरा चहा त्या रेंगाळण्याची चाचणी घेतो. त्यांनी तो शांतपणे प्यायला तर कडवटपणा हा खरा गुन्हेगार नाही असं समजा.

दुसऱ्यात नुसता गार सोडा. दोन घोटांनंतर पोट डब्ब झालं म्हणाल्या तर गॅस हा प्रश्न आहे, आणि मग गव्हाच्या बिअर बादच, कारण त्यांच्यात गॅस भरपूर लागतो. तिसऱ्यात नाचणीसत्त्व, दूध-साखर न घालता पाण्यात शिजवून पातळ केलेलं. धान्याला मोड आणून वाळवायचं, म्हणजे माल्ट करायचं, हे आपल्याकडे बाळाच्या खाऊसाठी पिढ्यान् पिढ्या चाललंय. बिअरमध्ये नाचणीऐवजी जव असतं एवढंच. या वासाने नाक मुरडलं तर माल्ट बोचतंय. तेव्हा बिअरचा नाद सोडून सरळ साइडर, म्हणजे आंबवलेला सफरचंदाचा रस, करा. त्याबद्दल खाली लिहितो.

चौथ्यात चांगल्या पिकलेल्या केळ्याचं शिकरण, त्यात एक लवंग ठेचून. हे ऐकून हसाल, पण जर्मन गव्हाच्या बिअरचा, हेफेवायझनचा, वास नेमका केळं आणि लवंगेचा असतो. त्यात केळं किंवा लवंग घातलेली नसते. तिचं खास यीस्ट आंबवताना पिकल्या केळ्यातलंच एक द्रव्य आणि लवंगेसारख्या वासाचं दुसरं द्रव्य तयार करतं. शिकरणाचा वास नकोसा असलेल्या माणसाला हेफेवायझन आवडलेली मी पाहिलेली नाही. पाचव्यात बिनसाखरेची काळी कॉफी, गार. आवडली तर स्टाउटचं दार उघडं.

सहावा ग्लास सगळ्यात महत्त्वाचा. आमसूल कोमट पाण्यात भिजवून कोळ काढा. चार-पाच धणे अर्धवट कुटून त्यातच घाला, थोड्या वेळाने गाळा. चिमूटभर मीठ, साखर अजिबात नाही, वरून गार सोडा. हा ग्लास वहिनींनी संपवला आणि दुसरा मागितला तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. त्याचं नाव गोझे, एक आंबट-खारट जर्मन बिअर.

लेस्टरला परतण्याआधी पुण्यात एखादा दिवस असाल तर परवानाधारक मायक्रोब्रुअरीत जाऊन छोट्या ग्लासांचा नमुना मागवा. हेफेवायझन आणि बेल्जियन विट, म्हणजे तिकडची गव्हाची पांढरी बिअर, बहुतेक ठिकाणी ताज्या मिळतात. ताजी, नीट थंड, थेट टाकीतली बिअर प्यायल्यावर मत बदललेली माणसं मी बरीच पाहिलीत. वहिनींचं नाही बदललं तरी तुम्हाला त्यांच्या नावडीचा नेमका पत्ता लागेल. तेव्हा “आवडली का?” असं विचारू नका. “पहिलं काय बोचलं?” असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस तुमचं मन राखायला खोटं बोलतो.

तुम्ही जेवढं लिहिलंय त्यावरून माझा कौल गोझेलाच. कोकम, मठ्ठा, पाणीपुरी या तिन्हींत समान काय आहे? आंबट आणि खारट. गोझे ही जगातली बहुधा एकमेव प्रसिद्ध स्टाइल आहे जिच्यात मीठ आणि धणे मुळातच असतात. जर्मनीतल्या गोस्लार गावची ही बिअर. नाव तिथल्या गोझे नदीवरून. पुढे ती लाइपझिगमध्ये लोकप्रिय झाली. जव, हॉप्स आणि पाणी यांपलीकडे काही नको म्हणणाऱ्या जर्मन नियमातून तिला प्रादेशिक खासियत म्हणून सूट आहे. १९६६ मध्ये ती जवळजवळ संपली होती, तिथलं उत्पादनच थांबलं, आणि १९८० च्या दशकात पुन्हा सुरू झाली. त्याच १९६६ साली बेल्जियममध्ये हुगार्डन गावात पियेर सेलिस नावाच्या दूधवाल्याने तिथली बंद पडलेली पांढरी बिअर पुन्हा करायला घेतली. तिच्यातही धणेच आहेत, सोबत संत्र्याची साल. एकीकडे धण्यांची एक बिअर बंद पडत होती आणि दुसरीकडे दुसरी उभी राहत होती. हे बिअरच्या गप्पांत सांगायला बरं असतं.

गोझेचे आकडे वहिनींच्या बाजूचे आहेत. अल्कोहोल साडेचार टक्क्यांच्या आसपास, कडवटपणा पाच ते बारा आयबीयू, म्हणजे जिभेला जवळपास जाणवतच नाही. शिवाय मिठामुळे उरलासुरला कडूपणाही दबतो. आणि ती जेवणासोबत चालते. सांगलीच्या भडंगासोबत मी कुठलीही बिअर द्यायची झाली तर हीच देईन.

आता कृती. वीस लिटर करू नका. दहा लिटर करा, आवडली नाही तर गॅरेज भरून पडायला नको. गव्हाचं कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट एक किलो शंभर ग्रॅम, तयार बिअर दहा लिटर होईल इतक्या पाण्यात. सुरुवातीची घनता, म्हणजे पाण्याच्या तुलनेत द्रव किती जड ते, १.०४० च्या आसपास यायला हवी. पंधरा-वीस मिनिटं उकळी, सुरुवातीलाच कमी कडू जातीचे हॉप्स पाच ग्रॅम, बस्स. शेवटच्या पाच मिनिटांना दहा ग्रॅम धणे. धणे भाजायचे नाहीत. भाजलेत की भाजीच्या मसाल्याचा वास येईल आणि मग कितीही केलं तरी तो जात नाही. नुसते खलबत्त्यात जाडसर फोडायचे, पूड नको. इथून जाताना आपले धणे घेऊन जा. आपल्याकडचा लांबट दाणा लिंबाच्या वासाकडे झुकतो, आणि परदेशातले ब्रुअरही या बिअरसाठी तो मुद्दाम शोधतात.

आंबटपणा कसा आणायचा, हा गोझेचा खरा कळीचा भाग. नेहमीची पद्धत अशी : गोड वर्ट, म्हणजे न आंबवलेलं माल्टचं पाणी, पस्तीस-अडतीस अंशांवर ठेवून त्यात लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हा आंबवणारा जंतू सोडायचा, दीड-दोन दिवसांत पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप, ३.३ च्या आसपास आला की उकळून तो मारायचा आणि मग नेहमीचं यीस्ट घालायचं. लगेच मनात येईल, मग घरचं दहीच का नको? नको. दह्यातले जंतू दुधाच्या साखरेवर पोसलेले असतात. माल्टोज, म्हणजे माल्टची मुख्य साखर, त्यांतल्या काहींना पचतच नाही. कधी जमतं, कधी नुसता कुबट वास येतो. आणि दुधाचा अंश पडतो तो वेगळाच. हॉप्सचंही एक बघा : लॅक्टोबॅसिलसला हॉप्स सोसत नाहीत, म्हणून या पद्धतीत हॉप्स आंबवून झाल्यावरच घालायचे असतात.

तुम्हाला मी सोपा रस्ता सुचवेन. वाइल्डब्रू फिली सावर नावाचं कोरडं यीस्ट मिळतं, ते आंबटपणा आणि अल्कोहोल दोन्ही स्वतःच तयार करतं. आधी जंतू, मग उकळी, मग यीस्ट ही कसरत नाही. वीस ते पंचवीस अंश तापमान द्या. लेस्टरच्या गॅरेजमध्ये हिवाळ्यात ते मिळणार नाही, म्हणून बादली घरात आणा. पहिले तीन-चार दिवस वर फारसा फेस दिसणार नाही, कारण ते आधी आम्ल तयार करण्यात गुंतलेलं असतं. घाबरून वर दुसरं यीस्ट टाकू नका. दहा-बारा दिवसांत घनता १.००८ च्या जवळ येईल. सलग तीन दिवस आकडा हलला नाही म्हणजे झालं.

मीठ आणि कोकम मी उकळीत घालायला सांगत नाही, शेवटी घाला. याला कारण आहे. आमसूल बहुतेक वेळा मिठाच्या पाण्यातून काढून वाळवलेलं असतं, आणि त्यात किती मीठ मुरलंय ते दर पाकिटागणिक वेगळं. आधीच मीठ घातलंत आणि वर आमसूल खारट निघालं तर परत फिरता येत नाही. म्हणून पन्नास ग्रॅम आमसूल पाव लिटर गरम पाण्यात झाकून ठेवा, गार झालं की गाळा. आता शंभर मिलिलिटर बिअर ग्लासात घ्या आणि बिनसुईच्या सिरिंजने कोकमाचा कोळ एकेक मिलिलिटर सोडत चाखत जा. चाखणारे तुम्ही नाही, वहिनी. त्या “हं, आता बरं” म्हणतील तो आकडा शंभराने गुणा, म्हणजे दहा लिटरचं माप निघालं. मग मीठ असंच. एकूण मीठ दहा लिटरला सात ग्रॅमच्या आसपास, पण कोकमातलं धरून. मीठ “लागलं” नाही पाहिजे, बिअर जरा भरीव वाटली पाहिजे. खारटपणा ओळखू आला तर जास्त झालं. मीठ शक्यतो आयोडीन नसलेलं.

बाजारातला कोकम आगळ चालेल, पण त्यात मीठ भरपूर असतं, जपून. कोकम सरबताचा तयार पाक मात्र बिअरमध्ये मुळीच नको. त्यात साखर असते आणि टिकवण्यासाठी घातलेली रसायनंही. साखर आंबेल, रसायनं यीस्टला छळतील, आणि बाटलीत काय होईल याचा नेम नाही. तो पाक ग्लासात घालण्यासाठी ठेवा. आम्लामुळे कोकमाचा लाल रंग टिकतो, ग्लास सुरेख दिसतो. स्ट्रॉबेरीचं तसं नाही. स्ट्रॉबेरी बिअरमध्ये आंबवली की काही आठवड्यांत रंग उडतो, वास फिका पडतो आणि नुसता आंबूस गर उरतो. म्हणून फ्रूट बिअर हवीच असेल तर तुमच्याकडे गोठवलेल्या रास्पबेरी मिळतात त्या घ्या, लिटरला शंभर ते दोनशे ग्रॅम. त्यांचा रंग आणि वास दोन्ही टिकतात.

इतर स्टाइलबद्दल थोडक्यात. शिकरणाचा ग्लास आवडला असेल तर हेफेवायझन हा दुसरा पर्याय. ती ताजी प्यायची असते, तीन-चार आठवड्यांत संपवा, आणि जास्त उबेत आंबवलीत तर केळं फार होतं, म्हणून अठरा-एकोणीस अंश. गॅसचा त्रास असेल पण माल्टचा वास चालत असेल तर इंग्लिश माइल्ड करून बघा. तीन-साडेतीन टक्के, जवळपास बिनगॅसची, चहा-बिस्किटाच्या चवीची. तुमच्या भागात ती अजूनही काही पबमध्ये पिंपातून देतात. ही स्टाइल उगीच मागे पडलीय. कॉफी आवडणाऱ्याला मिल्क स्टाउट. बेल्जियमची चेरीची क्रीक फार सुंदर असते, पण ती जंगली यीस्टवर वर्ष-दोन वर्षं मुरवतात. ती विकत आणा. घरी आत्ताच करायला जाऊ नका.

आणि सगळे ग्लास नापास झाले तर? मग बिअरच्या मागे लागू नका. साइडर करा, ती याहून कितीतरी सोपी आहे. सफरचंदाचा रस घ्यायचा, डब्यावर सॉर्बेट किंवा कुठलंही प्रिझर्व्हेटिव्ह नाही ना हे वाचून. साडेचार लिटरच्या काचेच्या बरणीत भरायचा, शॅम्पेन किंवा एल यीस्ट घालायचं, झाकणाला एअरलॉक, म्हणजे आतला गॅस सोडणारी पण बाहेरची हवा अडवणारी नळी. दोन-तीन आठवड्यांत कोरडी, वाइनच्या अंगाने जाणारी साइडर तयार. वहिनींना वाइन चालते म्हणता, पण कोणती ते लिहिलं नाही. पांढरी, आंबटसर आवडत असेल तर साइडर लागू पडेलच. लाल, तुरट आवडत असेल तर त्यात कोऱ्या चहाचा अर्धा कप घाला. त्यातल्या टॅनिनमुळे साइडरला अंग येतं.

मध वापरून मीडही करता येतं. साडेचार लिटरला साडेसहाशे ग्रॅम मध घेतला तर साडेपाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल असलेलं हलकं मीड होतं. मधात यीस्टला लागणारा नायट्रोजन जवळजवळ नसतो, म्हणून यीस्ट न्यूट्रियंट घालायलाच हवं, नाहीतर अंड्यासारखा वास येतो. मध उकळू नका, त्याचा सगळा सुगंध उडून जातो. महाबळेश्वरच्या जंगलातला जांभळीचा मध यासाठी मला फार आवडतो, जरा कडसर आणि गडद असतो. पण तो महाग. पहिल्या खेपेला नको, आधी साध्या मधावर हात बसू द्या. पुण्यात आणि नाशिकमध्ये परवाना घेऊन मीड करणारे उद्योग आहेत, त्यांची एखादी बाटली आधी चाखून बघा.

घरी पाहुणे आले की एक पथ्य पाळा. ही कोकम घातलेली गोझे दिसायला हुबेहूब कोकम सरबतासारखी असते. तिची बाटली फ्रिजमध्ये वेगळ्या कप्प्यात, ठळक चिठ्ठी लावून ठेवा, विशेषतः सासू-सासरे किंवा मुलं घरात असतील तेव्हा. कुणालाही न सांगता पाजायची नाही, गमतीतसुद्धा नाही. वहिनी कुठलं औषध घेत असतील, काही प्रतिजैविकांसोबत अल्कोहोल अजिबात चालत नाही, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चाखण्याचा कार्यक्रम करू नका.

बाटलीत भरताना दहा लिटरला पासष्ट ग्रॅम साखर, थोड्या पाण्यात उकळून गार केलेली. आंबट बिअरमध्ये यीस्ट थकलेलं असतं, गॅस भरायला नेहमीपेक्षा उशीर लागतो. दोन आठवड्यांनी एक बाटली उघडून बघा, मिळमिळीत वाटली तर आणखी आठवडाभर उबेला ठेवा. बाटल्या तपकिरीच घ्या. प्यायला देताना चांगली थंड, चार-पाच अंशांवर, आणि पहिल्या वेळी मोठ्या पाइंटच्या ग्लासात नको, वाइनच्या छोट्या ग्लासात द्या. आमसूल घेताना पाकिटावर तारीख बघा. या हंगामाचं लालसर आणि मऊ असतं, जुनं काळं पडून कडक होतं. साताऱ्यात मंडईजवळच्या किराणा दुकानांत सुटं मिळतं. दोन तुकडे तोंडात टाकून मिठाचा अंदाज घ्या आणि मगच अर्धा किलो बांधायला सांगा.